गोणपाटाआडचं इंजिन

दाजी,

तुमच्या तेराव्याच्या पंगतीत एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "कंपनीनं दिलेल्या इंजिनात हात घालायचा नसतो. घातला, अन् भोगलं." मी वाढत होतो. वरणाची बादली माझ्या हातात होती. ती खाली ठेवावी आणि त्या गृहस्थांना भरल्या पानावरून उठवावं असं मनात आलं. उठवलं नाही. तुमच्या नावानं जेवत होते म्हणून वाढत राहिलो. पण तो राग अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो एकट्या त्या गृहस्थांवरचा नाही. त्यातला बराचसा तुमच्यावरचा आहे.

गेलेल्या माणसाशी लोक गोड बोलतात. आपलं तसं कधी नव्हतं. दाजी-मेहुण्यांत थट्टा चालतेच, पण आपल्यात ती अशी चालायची की थट्टा कुठं संपली आणि भांडण कुठं सुरू झालं, हे तुमच्या बायकोला, म्हणजे माझ्या अक्कालाही समजत नसे. तेव्हा मी आजही भांडणारच. या खेपेला माझं बोलणं अर्ध्यावर तोडायला तुम्ही नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती मी तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही. शिरड शहापूरला आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत टिकलं नव्हतं. हिंगोलीच्या शाळेतली माझी शेवटची परीक्षा आणि ज्वारीची सोंगणी एकाच वेळी आली. बाबांनी सरळ सांगितलं, माणूस कमी आहे, परीक्षा पुढच्या साली. तुम्ही तेव्हा नवे जावई होता. जावई सासरी आला की त्याला पाटावर बसवायचं, हातावर पाणी घालायचं, ही आपली रीत. तुम्ही आलात ते कमरेला विळा खोचून. पहाटे बांधावर उभे राहिलात आणि बाबांना म्हणालात, "माणिकच्या जागी मी. त्याला जाऊन पेपर लिहू द्या." बाजूच्या रानातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई तर शरमेनं शेतात यायलाच तयार होईना. तुम्ही तिला बांधावरून हाक मारून विचारलंत, "सासूबाई, जावयाला पुरणपोळी वाढता, मग विळा द्यायला काहून लाजून राहिल्या?"

त्या सालापासून गावानं तुम्हाला घरजावई म्हणायला सुरुवात केली. तुम्ही त्यावर कधी चिडला नाहीत. चिडायचं काम माझ्याकडेच राहिलं, ते अजून संपलेलं नाही.

हैदराबादहून पदवी घेऊन मी परत आलो तेव्हा तुम्ही हिंगोली स्टेशनावर लॉरी घेऊन उभे होता. रिकामी लॉरी, फक्त मला न्यायला. सबंध वाटेत भोंगा वाजवत शिरडला आणलंत आणि बाबांसमोर उभं करून म्हणालात, "हा घ्या तुमचा सोंगणीचा मानूस. जरा उशिरा आला." त्या दिवसापासून मला अरे-तुरे करायचं सोडलंत आणि 'माणिकराव' म्हणायला लागलात. निम्मा मान, निम्मी टिंगल. मला दोन्ही आवडायचं.

ती लॉरी तुमची आणि गोरेगावच्या देवराव पाटलांची भागीत. गाडी पाटलांची, हात तुमचे. जर्मनी-जपानच्या लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा इतरांसारखी तुम्हीही लॉरीच्या बाजूला पिंपासारखी भट्टी बसवून घेतलीत. तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याचा जो गॅस निघतो त्यावर इंजिन चालवायचं. भट्टी सांभाळायला सोमला होता, जवळच्या तांड्यावरचा, तुमच्याच वयाचा. त्याच्या आजोबांच्या काळात तांड्याची माणसं याच रस्त्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायची. त्याचा तो तोरा होता. चढावर लॉरीचा दम तुटून ती उभी राहिली की तो खाली उतरून म्हणायचा, "मिस्त्री, आजाचे बैल चारा खात व्हते, ही कोळसा खाती. बराबर हाय. पण बैल चढावर थांबत न्हवते."

हे तुम्हाला झोंबायचं. दर फेरीला झोंबायचं.

इंजिनाच्या माथ्यावर झडपा असतात. तुम्ही त्यांना वाल म्हणायचात. एक वाल गॅस आत घेतो, दुसरा जळका धूर बाहेर सोडतो. उघडण्यासाठी खालून दांडी रेटते आणि वर आडवा बसलेला रॉकर वालाला दाबतो. मिटवायचं काम स्प्रिंगचं. कोळशाचा गॅस पातळ, त्यात जोर कमी आणि काजळी फार. ती चिकट काजळी वालाला धरायची, म्हातारी स्प्रिंग त्याला वेळेवर ओढून घ्यायची नाही, आणि औंढ्याच्या रस्त्यावरच्या मोठ्या चढाला नेमका इंजिनाचा श्वास सुटायचा. हे सगळं मला तुम्हीच समजावलंत, जेवताना, ताटात भाकरीचा रॉकर आणि मिरचीची दांडी करून. अक्का म्हणाली, "आधी जेवा, मग लॉरी चालवा."

लढाई संपली, लष्कराच्या लॉऱ्या मोडीत निघाल्या. तुम्ही सिकंदराबादेला गेलात आणि अक्काच्या जुन्या लुगड्यात एक गाठोडं बांधून आलात. ते ओट्यावर सोडलंत तेव्हा अक्का आतून म्हणाली, "भांडी आणली का काय?"

"भांडीच हायेत," तुम्ही म्हणालात. "ह्यात लॉरीचा सैपाक व्हतो."

एका भारी लॉरीच्या इंजिनाचा तो सगळा वरचा साज होता. रुंद तोंडाचे वाल, जास्त जाळ सोसणारे. एका स्प्रिंगच्या आत दुसरी बसवलेली, अशा जोडस्प्रिंगा. जाड दांड्या. रॉकरही निराळे, वालाला जास्त उघडणारे. मी ते हातात घेऊन पाहिले आणि मला जे योग्य वाटलं ते बोललो. आपलं भांडण तिथून सुरू झालं.

"स्प्रिंग एवढी कडक केली की बाकीच्यांवर ताण येणार," मी म्हणालो. "दांड्या वाकतील."

"म्हणून तर दांड्या जाड आणल्या."

"मग दांड्यांना खालून रेटणारा कॅम झिजेल. तो तर जुनाच आहे."

"झिजू द्या की. मी झिजून राहिलो न्हाई का?"

"दाजी, कंपनीच्या माणसांनी काही विचार करूनच बसवलं असेल ना?"

"कंपनीचा मानूस औंढ्याच्या चढाला आला व्हता का कधी?"

चढापुरतं मी ते मान्य केलं. पण कॅमबद्दलची माझी शंका आजही तशीच आहे. वर्ष-दोन वर्षं लॉरी चालली की कळेल कोण खरं. तुमचं खरं ठरलं तर मी मान्य करीन, पण कोणापाशी करणार? माझं खरं ठरलं तर तुम्ही काय बोलला असता, हे मी आत्ताच ऐकू शकतो: "माणिकराव, कॅम बी आणू."

वाल घासायला तुम्ही बसायचात तेव्हा मात्र मी गप्प होत असे. वालाला काठी लावून, खाली घासायची खरखरीत पेस्ट लावून, दोन्ही तळव्यांत ती काठी फिरवत राहायचं, ताक घुसळल्यासारखं. मग वर रॉकेल ओतून बघायचं, थेंबभरही खाली झिरपता कामा नये. झिरपलं की पुन्हा घासायचं. दिवस गेले त्यात. पाटलांचे निरोपावर निरोप, लॉरी कधी सुटणार. तुमचं उत्तर एकच, "गाभण गायीला घाई करू नये."

आणि त्या बोलण्यातच तुमची ती खोड होती.

तुम्ही कशालाच न मानणारे. लॉरीला लिंबू बांधायचं म्हटलं की म्हणायचात, लिंबू सरबताला. अमावास्येला लॉरी काढायचात. पण इंजिनाचं झाकण उघडलं की तुम्ही लॉरीच्या शेडाच्या दाराला गोणपाट लावायचात. गाय व्यायला लागली की गोठ्याच्या तोंडाला आपल्याकडं गोणपाट टांगतात, कोणाची दिष्ट पडू नये म्हणून. तसंच. कोणाला आत येऊ द्यायचं नाही, बघू द्यायचं नाही. भाकरी घेऊन आलेल्या अक्कालासुद्धा गोणपाटाच्या बाहेरूनच हाक मारावी लागे. मी एकदा विचारलं, हे कसलं नवीन. तुम्ही गंभीर होऊन म्हणालात, "गाय अन् इंजिन, दोन्ही उघडं पडलं की कोणाची बी नजर बसती."

मी सायन्सचा पदवीधर, शाळेत मास्तर. तुम्ही लिंबाला हसत होता, तसा या गोणपाटाला मी हसू शकत होतो. मला त्याची भीती वाटली ती निराळ्या कारणानं. कोळशाच्या गॅसमध्ये एक वायू असतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो श्वासातून रक्तात शिरला की माणूस बसल्या जागी निपचित होतो. हैदराबादच्या कॉलेजात सगळंच उर्दूतून, हेही तसंच शिकवलेलं. मी तुम्हाला आणि सोमलाला शेडात बसून ते सांगितलं. भट्टी पेटलेली असताना दार लावू नका, असं हात धरून सांगितलं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "दिसत न्हाई. वास न्हाई. मानसाला धरतं. माणिकराव, आमच्याकडं ह्याला भूत म्हणत्यात. अन् भुताला मानत न्हाई म्हणूनच तर तुमाला डिग्री मिळाली."

सोमला इतका हसला की त्याच्या हातातलं कोळशाचं फावडं पडलं. पण तुम्ही मला शब्द दिलात, "बराबर हाय. गोणपाट लावीन, दार न्हाई लावणार." आणि तुम्ही तो पाळलातही. बाजाराचा दिवस येईपर्यंत.

त्या दिवशी शेवटचं काम राहिलं होतं. सगळे वाल बसले होते. इंजिन चालू ठेवून, ते चांगलं तापल्यावर, रॉकर आणि वाल यांच्यातली फट नीट बसवायची, एवढंच. त्यासाठी वरचं झाकण उघडं हवं. आणि औंढ्याच्या रस्त्यावरचं तुमचं ते पत्र्याचं शेड बाजाराच्या अगदी वाटेवर. मोडीतल्या लष्करी लॉरीचे वाल आणलेत ही बातमी तालुकाभर झालेली. जो तो येऊन गोणपाटाच्या फटीतून डोकावायचा. सोमला सांगतो, तुम्ही दोन-तीनदा ओरडलात. मग त्याला सरकी काढायच्या जिनाकडे पाठवलंत, कापसाची फेरी ठरवायला. आणि तो गेल्यावर तुम्ही पत्र्याचं दार आतून लावून घेतलंत. वरच्या झरोक्यात पोतं कोंबलंत. खाली, दाराच्या उंबऱ्याशी, गोणपाट दुमडून घातलंत. गायीला सुद्धा कोणी इतकं झाकत नाही, दाजी.

सोमला परत आला तेव्हा दार बंद होतं आणि आत इंजिन चालू होतं. त्यानं मला जे सांगितलं ते मी तुम्हाला त्याच्याच शब्दांत सांगतो. "मास्तर, एवढं गोड इंजिन मी कधी ऐकलं न्हवतं. एक बी वाल खटखट करत न्हवता. मला वाटलं, मिस्त्री खूश असंल, कशाला हाक मारावी. मी बाहेर बसून बिडी पिऊन राहिलो."

त्यानं दार मोडून तुम्हाला बाहेर काढलं, पण फार उशिरा. सोमलाला कोणी दोष दिला तर मी त्या माणसाशी बोलणार नाही, एवढं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

दवाखान्यातून सांगण्यात आलं, हृदय बंद पडलं. दाजी, हृदय बंद न पडता कोणी मरतं का? मी तिथं विचारलं. मला सांगण्यात आलं की मास्तरांनी शाळेत शिकवावं. घरी तुम्हाला आणलं तेव्हा तुमच्या तोंडावर लाली होती. बायका म्हणाल्या, कसं तेज आहे बघा, निजल्यासारखा दिसतो, देवानं सुखानं नेला. मी कोपऱ्यात उभा होतो. ती लाली त्या वायूची असते. रक्तात तो भरला की मेलेलं माणूसही लाल दिसतं. हे मी पुस्तकात वाचून, पाठ करून, परीक्षेत लिहून आलो होतो. आणि माझ्यासमोर लोक त्या लालीला पुण्याई म्हणत होते. तुमची पुण्याई मला माहीत आहे. ती तुमच्या विळ्यात होती, तुमच्या तोंडावरच्या त्या रंगात नव्हती.

मग बोलणी सुरू झाली. कोणी हृदय म्हणालं, कोणी देवाची इच्छा. आणि एक म्हणणं सगळ्यांना आवडलं: इंजिनानं बळी घेतला. कंपनीनं बसवलेलं काढलं, मेलेल्या शिपायांच्या लॉरीचं बसवलं, मग दुसरं काय होणार. हे बोलणाऱ्यांतल्याच एका लॉरीवाल्यानं सोमलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं की त्या जोडस्प्रिंगा सिकंदराबादेत नेमक्या कुठं मिळतात. सोमलानं त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला आवडलं असतं.

तेराव्यानंतर देवराव पाटील घरी आले. वाईट माणूस नाही. ओट्यावर बसले, डोळे पुसले, अक्काच्या लेकरांना जवळ घेतलं. मग मुद्द्यावर आले. दुसरा मिस्त्री पाहून ठेवला होता. जुने वाल, जुन्या स्प्रिंगा पुन्हा बसवायच्या, भटजी बोलावून एक शांत करून घ्यायची आणि मगच लॉरी रस्त्यावर आणायची.

"मानसं बसंनात लॉरीत," ते म्हणाले. "कापूसवाले बी नको म्हणून राहिले. मी काय करू, सांगा."

मी त्यांना सगळं सांगितलं. कोळसा, वायू, रक्त, बंद दार. अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत, जसं सुचेल तसं. त्यांनी मान हलवत ऐकलं.

"मास्तर, तुमी शिकले-सवरले. पण दार लावल्यानं मानूस मरतो व्हय? मग थंडीच्या दिवसांत आमी रोज मरायला पायजे."

"आत भट्टी पेटलेली होती, पाटील."

"भट्टी तर सोमला रोज पेटवतो. तो कसा धडधाकट हाय?"

"उघड्यावर पेटवतो म्हणून."

"न्हाई पटत," ते म्हणाले. "वाल काढू. गेलेल्याच्या नावाचा बोभाटा नको."

माझं हे भांडण तुमच्या नावासाठी चाललं होतं, दाजी. ते वाल उतरले असते तर गावानं कायमचं ठरवलं असतं की नागोराव मिस्त्री आपल्याच हाताच्या कामानं मेला. मग तुमच्या मुलांनी कोणतंही हत्यार हातात घेतलं की कोणीतरी तेच बोललं असतं. मी आणखी जोरानं बोलणार होतो. तेवढ्यात अक्का दाराआडून बाहेर आली. नवऱ्याला जाऊन पुरता महिना न झालेली बाई अशी परपुरुषापुढं येत नाही. ती आली आणि उभी राहिली.

"पाटील, तुमच्या सूनबाईचं बाळंतपण झालं, तवा बाजेखाली शेगडी ठिवली व्हती का न्हाई?"

पाटील गोंधळले. "आसंल. मी कशाला जातो तिथं?"

"तेच म्हणते. तुमी कोणीच जात न्हाई. बाहेरून दाराला गोणपाट लावलेलं दिसतं, तेवढंच तुमाला ठावं. आत सुईण काय करती ते विचारा सूनबाईला. शेगडी आत आली की ती खिडकी पुरी लावू देत न्हाई. गोणपाटामागं दार किलकिलं ठिवती. लावलं तर बाळंतीण भोवळून पडती, लेकरू हलायचं थांबतं. कोळशाची आग दारामागं कोंडू नये, हे आमाला शेगडी हातात देतानाच सांगत्यात." मग म्हणाली, "ह्यांनी बाहेरचं गोणपाट बघितलं. आतली फट बघितली न्हाई. इंजिनानं काही केलं न्हाई. इंजिन तर चालूच व्हतं."

 

त्या दिवसापासून मला जो राग आहे तो कोणावर काढावा हे समजत नाही. मी हैदराबादहून जी गोष्ट उर्दूतून शिकून आलो ती तुमच्याच घरात, मधल्या खोलीत, शेगडीशेजारी होती. तुमच्या दोन्ही लेकरांच्या वेळी तुम्ही त्याच गोणपाटाच्या बाहेर ओट्यावर बसून होता. कोणी तुम्हाला आत घेतलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. पुरुषानं विचारायचं नाही, बाईनं सांगायचं नाही. गोणपाटाची रीत तुम्ही बाहेरून उचललीत आणि इंजिनाला लावलीत, आणि माणूस जिच्यामुळे वाचतो ती अर्धी रीत आतच राहिली. अशा रीतीला मी काय म्हणू? आणि लिंबाला हसणाऱ्या तुम्हाला?

पाटील ओट्यावरून उठले. म्हणाले, "बाई, एक फेरी करू. भरलेली. औंढ्याहून कापूस घेऊन हिंगोलीला. चढ चढली तर वाल राहू देतो. थांबली तर दुसऱ्या दिशी काढणार."

"मी बी येते," अक्का म्हणाली.

"तुमी? लोक काय म्हणतील?"

"लोक लॉरीत बसायला भेतात, असं तुमीच म्हणले न्हवं? मग मी बसते."

त्यावरही गाव बोललं. बोलू दे. गावानं माझ्या परीक्षेच्या वेळी तुम्हालाही सोडलं नव्हतं.

फेरीच्या दिवशी सोमला चालवायला बसला. तुम्ही त्याला शिकवलं होतं. मध्ये अक्का, कडेला पाटील. मी मागं कापसाच्या बोचक्यांवर. चढाच्या पायथ्याला आल्यावर पाटील चालत्या लॉरीतून उतरले. चढावर गाडी थांबली की मागं घसरू नये म्हणून चाकामागं धोंडा लावावा लागतो. ते काम सोमलाचं, पण सोमला गाडी चालवत होता. तेव्हा पाटलांनी स्वतः रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला आणि लॉरीबरोबर चालू लागले. ती थांबणारच, याची त्यांना खात्री होती. मी वरून बघत होतो. आधी ते चाकाच्या बरोबरीनं चालत होते. मग जरा भराभर. मग मागं पडले. धोतर एका हातात, धोंडा दुसऱ्या काखेत.

"थांबव रे," त्यांनी हाक दिली.

सोमलानं अक्काकडं पाहिलं असावं. मला तिचा आवाज ऐकू आला. "थांबू नको. वर गेल्यावर बघू."

लॉरी चढली, दाजी. जिथं दर फेरीला तिचा दम जायचा ते वळण आलं आणि गेलं. इंजिनाचा आवाज जाड झाला, पण तुटला नाही. मी तिथं बोचक्यांवर बसून तुम्हाला शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या, तिथं ऐकणारं कोणी नव्हतं. तुम्ही बसवलेलं असं चालत होतं आणि त्या जागी तुम्ही नव्हता, हे मला सहन होत नव्हतं. त्याच शिव्यांच्या मध्ये कुठंतरी मी त्या सोंगणीबद्दल तुमचे आभारही मानले. इतकी वर्षं राहून गेलं होतं.

वर उघडा माळ आहे. सोमलानं लॉरी उभी केली आणि इंजिन बंद करायला लागला. अक्का म्हणाली, "राहू दे चालू." ती खाली उतरली, पुढं आली आणि त्याला म्हणाली, "वरचं झाकण काढ."

सोमलानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं इंजिनाच्या बाजूचा पत्रा वर केला, आतलं झाकण सोडवलं. तेलाचे बारीक शिंतोडे उडत होते. रॉकर एकामागून एक डोकं खाली घालत होते, खालच्या स्प्रिंगा दबत होत्या आणि उसळत होत्या. चारी बाजूंनी वारा होता. रस्त्यानं जाणारे दोन बैलगाडीवाले थांबून बघायला लागले, त्यांना कोणी हटकलं नाही. तेवढ्यात पाटील धापा टाकत वर पोचले. काखेतला धोंडा त्यांनी सगळा चढभर वाहून आणला होता. तो त्यांनी रस्त्याच्या कडेला ठेवला, घाम पुसला, आणि म्हणाले, "वाल राहू द्या."

अक्कानं ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती वाकून इंजिनात बघत होती.

"माणिक," तिनं मला विचारलं, "ह्यातलं त्यांनी बसवलेलं कोणतं?"

मी बोट दाखवत गेलो. हे वाल. ही स्प्रिंग, तिच्या आत दुसरी. ही दांडी. हा रॉकर. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, आणि ते पुरेसं नव्हतं. तिनं एवढी वर्षं त्या शेडाच्या दाराशी भाकरी पोचवली आणि आत तुम्ही काय करता ते तिनं पहिल्यांदा पाहिलं ते असं, परक्या माणसांच्या घोळक्यात, माळावर. दाखवायला तुम्ही हवे होतात.